खंडेनवमीचं तेल

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना दादाने आजोबांना विचारलं, "आजोबा, आज कोणता वार आहे, सांगा बरं." धाकटी तोंडावर हात ठेवून हसली. आजोबांनी वार सांगितला, तारीखही सांगितली, आणि आलोच म्हणून उठले ते परत आले नाहीत. त्यांना फोन आलाय असं मी तुम्हाला सांगितलं. फोन आला नव्हता. ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले होते आणि मी जेवायला हाक मारेपर्यंत तिथेच होते.

तुम्हाला रागवायला हे लिहीत नाही. तुमच्या घरात एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे, की आजोबांनी सायकलचे ब्रेक दुरुस्त करताना काहीतरी विसरलं, म्हणून ते पडले, आणि तेव्हापासून त्यांचं डोकं पहिल्यासारखं राहिलेलं नाही. ही गोष्ट खोटी आहे. ब्रेक त्यांनी बरोबर दुरुस्त केले होते. ते मी बिघडवले, आणि मीच बिघडवले हे कळल्यावर अडीच महिने गप्प बसले. उन्हाळ्यात तुम्ही इथे याल. त्याआधी तुम्हाला हे माझ्याकडून कळायला हवं. तुमच्या बाबांकडून नको, कारण ते मला सांभाळून घेतील.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मलाही जड गेलं नसतं. पण इंग्रजीत मला स्वतःची बाजू फार सफाईने मांडता येते. म्हणून मराठीत. सावकाश वाचा, अडलं तर एकमेकांना विचारा.

सायकल तुम्हाला आठवत असेल. तुमच्या बाबांनी हिंजवडीजवळच्या माणच्या ऑफिसात नोकरी लागल्यावर हौसेने घेतलेली, जाड टायरची, डोंगरावर चालवायची. दर रविवारी पहाटे ते चार मित्रांबरोबर जायचे आणि चिखलाने माखून परत यायचे. तुम्ही सगळे परदेशी गेलात, आम्ही चिंचवडचं जुनं घर सोडून रावेतच्या तुमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा ती बाल्कनीत भिंतीला टेकवलेली होती. बाबा म्हणाले होते, विकून टाका. आजोबांनी तिच्यावर जुनी चादर घातली आणि राहू दिली.

गेल्या पावसाळ्यात दादाची उंची किती झाली ते तुम्ही फोनवर सांगितलंत. आजोबांनी मोजपट्टी घेऊन सायकलची सीट तपासली. सगळ्यात खाली केली तर दादाचे पाय पुरतील असा त्यांचा हिशेब निघाला. तेव्हापासून ती सायकल चालती करायची हे त्यांच्या मनाने घेतलं.

आजोबा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, हे तुम्हाला माहीत आहे. पण तिथे ते काय करायचे हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पत्रा दाबून गाडीचे भाग काढणारी मोठी प्रेस असते. ती तेलाच्या दाबावर चालते. ती अडली की पुढची सगळी लाइन थांबते, आणि ती अडली की आजोबांना बोलावणं यायचं. सुटीच्या दिवशीसुद्धा कंपनीची गाडी दारात यायची. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या हाताखालच्या मुलांनी भाषणं केली. एक जण एवढंच म्हणाला, "साहेबांनी हात लावलेलं मशीन परत उघडायला लागलं नाही, राव." बाकीची भाषणं ते विसरले, हे वाक्य नाही.

त्यामुळे सायकलचे ब्रेक म्हणजे त्यांना खेळणं वाटलं. या सायकलच्या चाकाला स्टीलची पातळ चकती असते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि पॅडच्या मागे एकेक पिस्टन, औषधाच्या बाटलीच्या बुचाएवढा. हँडलवरचा लिव्हर दाबला की नळीतलं तेल दोन्ही पिस्टनना पुढे ढकलतं आणि पॅड डिस्कला दोन्हीकडून धरतात. लिव्हर सोडला की रबराच्या कड्या पिस्टनना मागे ओढतात. सायकल तीन-चार वर्षं उभी राहिली तर धूळ आणि दमट हवा त्या कड्यांपाशी बसते. मग एक पिस्टन हलतो आणि दुसरा हलत नाही. पुढच्या चाकाचं तसंच झालं होतं. डावा पिस्टन बाहेर यायचा, डिस्कला ढकलून वाकवायचा, आणि उजवा जागचा हलायचा नाही.

मी म्हटलं, दुकानात देऊ. ते म्हणाले, "दुकानदार नवीन घाला म्हणेल. अडलाय तो, मेला नाही."

ते काम आम्ही दोघांनी मिळून केलं. बाल्कनीत सतरंजी घातली, चाक काढलं, पॅड काढून कागदात बांधून ठेवले. पॅडना तेलाचा थेंब लागला की ते संपले, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

लिव्हर अगदी थोडा दाबायचा. जास्त दाबला तर पिस्टन सुटून बाहेर पडतो आणि तेल वाहून जातं. हलणारा पिस्टन एका बाजूने धरून ठेवायचा, म्हणजे तेलाला दुसरी वाट उरत नाही आणि सगळा दाब अडलेल्यावर येतो. धरण्याचं काम माझं. त्यासाठी मी स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं उलथणं दिलं, कारण लोखंडाने पिस्टनला चरा पडला असता. अडलेला पिस्टन केसभर पुढे आला की ते थांबायचे, कान कोरायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून त्याची कड पुसायचे, सायकलच्याच तेलाचा एक थेंब दुसऱ्या काडीने फिरवायचे, आणि पिस्टन परत आत ढकलायचे. मग पुन्हा तेच. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो थोडा हलला आणि पुन्हा अडला. माझं मनगट दुखायला लागलं. ते म्हणाले, "बाई, जरा कळ काढ. चाकणला एका प्रेसपाशी मी तीन दिवस बसलोय."

मला वही ठेवायची सवय. कोणत्या दिवशी काय केलं ते मी मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत होते. ते सांगायचे, मी लिहायचे आणि झालं की समोर खूण करायचे. पाचव्या दिवशी दोन्ही पिस्टन बरोबरीने बाहेर आले आणि बरोबरीने आत गेले. त्यांनी मला तीन वेळा लिव्हर दाबायला लावला आणि स्वतः वाकून बघत राहिले. मागचा ब्रेकही त्यांनी तसाच उघडून साफ केला. शेवटी दोन्हीकडचं जास्तीचं तेल स्पिरिटने पुसून, कोरडं करून, पॅड बसवले. वहीत त्या ओळीसमोर खूण आहे. माझ्या हातची आहे, आणि त्यांनी पुसलं तेव्हा मी समोर बसले होते.

त्यानंतर तीन दिवसांनी खंडेनवमी होती.

तुमच्याकडे हा दिवस नसतो म्हणून सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. आमच्याकडे पाटावर विळी, कात्री, कोयता, आजोबांचे पान्हे, हातोडी, माझं शिवणयंत्र, सगळं मांडतात. कारखान्यांतही मशीन धुऊन पुसून हार घालतात. त्या दिवशी चाकणहून येताना आजोबांच्या शर्टाला कुंकू आणि खिशात पेढे असायचे. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या खेड्यातल्या. लग्न होऊन आले त्या वर्षी मी विळी नुसती धुऊन पाटावर ठेवली, तेव्हा त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "कोरडं लोखंड पूजेला ठिवू न्हाई, पोरी. तेल लाव." तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. तेलाची चिंधी घ्यायची, लोखंड न् लोखंड पुसायचं, मग कोरड्या फडक्याने चकाकी आणायची, मग हळदकुंकू. पावसाळा संपलेला असतो, हत्यारांना गंज धरत असतो, तेव्हा त्या रिवाजात शहाणपण आहे.

आजोबा झेंडू आणि आपट्याची पानं आणायला आळंदीच्या रस्त्यावरच्या बाजारात गेले होते. मी पूजा मांडली. सायकल एवढ्या मेहनतीने चालती झालेली, तिला कसं वगळायचं? ती पाटाशेजारी आणली. तिच्या डिस्कवर पावसाळी हवेने मळकट थर आला होता. मी शिवणयंत्राचं तेल चिंधीवर घेतलं आणि पुढची डिस्क दोन्ही बाजूंनी पुसली, चाक फिरवत फिरवत, एकही जागा सुटू न देता. मग मागची. मग कोरड्या फडक्याने चकाकी आणली. दोन्ही आरशासारख्या झाल्या. पॅडबद्दल मला काही आठवलं नाही. पॅड मला दिसतच नव्हते, ते आत होते. चाक फिरत होतं, आणि मी लावलेलं तेल त्यांच्यावर जात होतं.

आजोबा आले, पूजा बघितली, सायकलला घातलेली माळ बघितली आणि खूश झाले. डिस्कला तेल आहे हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. ती कोरडी दिसत होती.

दसऱ्याच्या सकाळी ते सायकल घेऊन खाली गेले. सोसायटीत एक चक्कर मारायची आणि वॉचमनला सोनं द्यायचं, एवढंच. आपलं पार्किंग वरच्या मजल्यावर आहे आणि तिथून गेटकडे उतरणारा रस्ता किती तीव्र आहे तुम्हाला आठवतं. तिथे तुम्ही स्केट्स घालून गेल्यावर मी ओरडले होते. त्या उतारावर त्यांनी दोन्ही लिव्हर दाबले. लिव्हर घट्ट लागले, पण सायकल थांबली नाही. उताराच्या पायथ्याशी तिसऱ्या मजल्यावरची बाई फुलांची पिशवी आणि छोट्या मुलीचा हात धरून वर येत होती. आजोबांनी सायकल भिंतीवर घातली.

मुलीला काही झालं नाही. आजोबांचं डावं मनगट मोडलं आणि कपाळाला टाके पडले.

दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच त्यांनी मला वही आणायला सांगितली. मी घरी जाऊन घेऊन आले. त्यांनी स्वतः ते पान काढलं, स्पिरिटने पुसल्याच्या ओळीसमोरची खूण बघितली, आणि वही मिटली. म्हणाले, "मी न पुसताच तुला खूण करायला सांगितलं असणार."

मी म्हटलं, अहो, तुम्ही पुसलंत, मी बघत होते. ते म्हणाले, लिव्हर घट्ट लागतो आणि तरी गाडी थांबत नाही, याचा अर्थ पॅडला तेल आहे. तेल तिथे मी सोडून दुसऱ्या कुणी नेलेलं नाही. तेव्हा मलाही काही सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं, यावर तुम्ही विश्वास ठेवा.

पुढचे दिवस फोनचेच होते. तुमचे बाबा रोज बोलत होते. आधी म्हणाले, सायकल विका. मग म्हणाले, स्कूटरही बंद करा. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नाव न घेता लिहिलं, की ज्येष्ठ मंडळींनी उतारावर वाहन चालवू नये. त्या छोट्या मुलीचे वडील भेटायला आले, फार सभ्यपणे बसले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "काका, आता आराम करायचे दिवस आहेत तुमचे." आजोबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटरची किल्ली स्वतः आणून माझ्या हातात दिली.

सायकल विकायची म्हणून मी ती टेम्पोत घालून चिंचवडला जुन्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याच्या वडिलांनी आमची पहिली स्कूटर वीस वर्षं सांभाळली. आता दुकान तो चालवतो, आणि हिंजवडीकडच्या मुलांच्या महागड्या सायकली त्याच्याकडे येतात. आजोबा बरोबर आले नाहीत. त्याने चाक काढलं, लिव्हर दाबून बघितला, बॅटरी घेऊन आत बघितलं.

"आंटी, हे पिस्टन कुणी सोडवले?"

मी सांगितलं.

"काकांचं काम एक नंबर आहे. माझ्याकडची पोरं एवढा वेळ देत नाहीत." मग त्याने डिस्कवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि मला दाखवलं. "पण हे तेल आतनं नाही आलेलं. आतनं गळलं असतं तर एका जागी असतं. हे कुणीतरी कपड्याने लावलंय, दोन्ही चाकांना, गोल गोल. आणि हे सायकलचं नाहीच, मशीनचं आहे." डिस्कच्या मध्यावर, जिथे स्क्रू असतात, तिथे हळदीचं बोट अजून वाळलेलं दिसत होतं. त्याने तेही बघितलं. मग चहा मागवला.

मी सायकल न विकता परत आणली. आजोबांना सांगितलं, गिऱ्हाईक मिळालं नाही.

तेव्हा दिवाळी आठ दिवसांवर होती. त्या दिवशी संध्याकाळी मी सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही, याची दोन कारणं आहेत. एक तुम्ही ओळखाल. या घरात चुका काढणारी मीच. कुणी डबा उघडा ठेवला, कुणी बिलावर तारीख लिहिली नाही, कुणी शब्द चुकीचा उच्चारला, सगळं मी बघते. तुमच्या बाबांना विचारा. चूक कबूल करण्याची मला सवय नाही.

दुसरं कारण लिहायला मला तीन दिवस लागले. मला बरं वाटत होतं. आजोबा स्कूटरवर चाकणला जुन्या मित्रांकडे जायचे, तेव्हा मी घड्याळाकडे बघत बसायचे. त्या रस्त्याला कंटेनर, डंपर, शिफ्ट सुटल्यावर वाकड्यातिकड्या धावणाऱ्या बस. त्यांनी फोन उचलला नाही की मी पुन्हा पुन्हा लावत राहायचे. किती वर्षं मी सांगत होते, स्कूटर सोडा, ते ऐकत नव्हते. आता किल्ली माझ्या कपाटात होती. दुपारी ते समोर पेपर वाचत बसलेले असायचे आणि मला शांत झोप लागायची. ही शांतता कशातून आली आहे हे मला माहीत होतं. तरी मी ती घेतली.

पण ते नुसते घरी बसले नव्हते. नळाचा वायसर बदलायला त्यांनी प्लंबर बोलावला. माझा मिक्सर बंद पडला तेव्हा म्हणाले, दुकानात टाक. गोळी घेतल्यावर रिकामं पाकीट मला दाखवायला लागले. दाराला कुलूप लावून जिन्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. गॅस बंद केला का हे मला विचारायचे, आणि मी हो म्हटल्यावरही उठून बघायचे. आधी मला वाटलं, होईल कमी. ते वाढत गेलं. तुमच्या बाबांना फोनवर हे मीच सांगितलं, आणि त्यांनी घाबरून स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली. माझ्या गप्प बसण्यातून हे सगळं उगवत होतं, आणि मी ते लक्षणं म्हणून कळवत होते.

संक्रांत झाल्यानंतरची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरांकडे जायचं होतं. दुपारी चारच्या सुमारास मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. आजोबा जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे, आणि महिने उलटे म्हणत होते. आधी इंग्रजी, डिसेंबरपासून. मग मराठी, फाल्गुन, माघ, पौष. मग शंभरातून सात वजा करत खाली. तिथे काय विचारतात हे त्यांनी कुणाकडून तरी काढून घेतलं होतं. मला बघून म्हणाले, "तू मास्तरीण आहेस. चुकलो की टोक." आणि पुन्हा सुरुवातीपासून सगळं म्हणाले. दोन्हीकडचे महिने, शंभरापासून दोनपर्यंत. एकही चुकले नाहीत. संपल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर होतं का गं?"

बरोबर म्हटलेलं त्यांचं त्यांना कळत नव्हतं. प्रेसचा नुसता आवाज ऐकून कोणता वॉल्व्ह गेलाय हे सांगणारा माणूस.

मी समोर बसले आणि सांगितलं. "डिस्कला तेल मी लावलं. खंडेनवमीला. शिवणयंत्राचं."

 त्यांनी कारखान्यात बिघाडाची चौकशी करत असतील तसे एकेक प्रश्न विचारले. किती घेतलं होतं? एका बाजूला की दोन्ही? चाक फिरवलं होतं का? कोरडं पुसलं कशाने? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला लागली होती. मला वाटलं, झालं, सुटलो आपण. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"तुला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

त्यांनी टेबलावरचे दोन्ही हात खाली घेतले. म्हणाले, "मनगट मोडलं ते चुकीने. ते मी तुला विचारणार नाही. पण एवढे दिवस मी रोज सकाळी उठून बघत होतो, माझं आज काय काय गेलं. तू समोर बसून चहा पीत होतीस."

 

डॉक्टरांची वेळ रद्द करू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. ते गेले, मला बाहेर बसवलं, एकटे आत गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विसरणं या वयाला असतं तेवढंच आहे, काळजीचं काही नाही. रिक्षात बसल्यावर ते एवढंच बोलले, की हा कागद तुझ्या मुलाला पाठव, आणि तेलाचं तूच फोन करून सांग, माझ्यासमोर. मी त्यांच्यासमोर फोन लावला. तुमचे बाबा सगळं ऐकून म्हणाले, "जाऊ दे गं आई, तू काय मुद्दाम केलंस? आणि तसंही बाबांचं वय झालंच आहे ना." आजोबांनी स्पीकरवर ते ऐकलं. बाबांनी विषय तिथेच सोडला, म्हणून तुमच्यापर्यंत खरी गोष्ट पोहोचली नाही, आणि म्हणून गेल्या रविवारी दादाने वार विचारला. दादा, तुझी चूक नाही. पण पुढच्या रविवारी त्यांना वार विचारू नकोस. पिस्टन अडला तर काय करायचं, ते विचार.

किल्ली मी त्याच दिवशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. ती त्यांनी आठवडाभर उचलली नाही. तेवढे दिवस घरात जेवायला चल, औषध घेतलं, दूधवाला आला, एवढंच बोलणं. मग एका सकाळी ते स्कूटर घेऊन चिंचवडला गेले आणि नवे पॅड घेऊन आले. बाल्कनीत सतरंजी घातली. डिस्क स्पिरिटने पुसल्या, फडकं बदलून पुन्हा पुसल्या. मधल्या काळात सायकल उभीच होती, तेव्हा पुढचा उजवा पिस्टन पुन्हा थोडा अडला होता. डावा धरून ठेवायला कुणीतरी हवं होतं. मनगट अजून पुरतं वळत नसल्यामुळे एकट्याने दोन्ही होत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांना मी दिसत होते.

त्यांनी मला हाक मारली नाही. उठून लाकडाचा एक तुकडा शोधला, तो कानशीने घासून त्याची पाचर केली, डाव्या पिस्टनपुढे बसवली, आणि काम पुढे नेलं. दोन दिवस लागले. मी काही लिहून घेतलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता बोलणं पुष्कळसं पूर्वीसारखं आहे. ते कधीमधी थट्टाही करतात. पण त्यांचा हत्यारांचा खण मी आवरत नाही आणि ते मला आवरायला सांगत नाहीत. तुम्ही याल तेव्हा आमच्यात काही बिघडलंय असं तुम्हाला वाटलं तर ते खरं असेल, आणि त्याचं कारण वर लिहिलं आहे.

बाकी काय उरलं आहे ते सांगते. सायकल बाल्कनीत आहे आणि तिचे दोन्ही ब्रेक लागतात. लाकडाची पाचर खणात आहे. आणि तुमच्या आजोबांची स्मरणशक्ती शाबूत आहे.